बायकांच्या मताचा हक्क आणि आपला जुना सातारा जिल्हा

कृष्णाकाठ (धागा)

देवराष्ट्रे म्हटलं की आपल्याकडे आधी यशवंतराव चव्हाण आठवतात. त्यांचं ते आजोळ आणि जन्मगाव. मग सागरेश्वरची देवळं, अभयारण्यातली हरणं. पण यशवंतरावांच्याही पन्नास वर्षं आधी, १८६२ साली, याच गावात कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिनंच साठीला टेकल्यावर मुंबई इलाख्यात बायकांच्या मताधिकाराची मागणी लावून धरली. शाळेत असताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता मी स्वतः शिकवते, आणि माझ्या वर्गातल्या मुलींना रमाबाई रानडे माहीत असतात त्या न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणूनच.

याला त्यांचं पुस्तकही थोडं कारणीभूत आहे. 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० साली आलं आणि ते रानड्यांच्या मृत्यूपाशी, म्हणजे १९०१ पाशी थांबतं. त्यानंतर रमाबाई तेवीस वर्षं जगल्या. मुंबईचं आणि पुण्याचं सेवासदन (बायकांना शिकवून पायावर उभं करणारी संस्था), येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांच्या भेटी, विधवांना नर्सिंगचं शिक्षण, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणाची चळवळ आणि मताचा लढा, हे सगळं त्या तेवीस वर्षांतलं. पुस्तक मिटलं की वाचकाच्या मनात पतीच्या आठवणी सांगणारी पत्नी उरते, आणि जिनं सार्वजनिक जीवनात स्वतःची जागा केली ती बाई पुस्तकाबाहेर राहते.

जिल्ह्याबद्दल एक खुलासा करते, कारण यावरून नेहमी वाद होतो. देवराष्ट्रे तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून या धाग्यात मी जुना सातारा एकच धरते. कऱ्हाड, वाळवा, खानापूर, खंडाळा, सगळं त्यात आलं.

आता मुख्य विषय. डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले असताना सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली बायकांचं एक शिष्टमंडळ त्यांना भेटलं. मागणी सरळ होती : नव्या सुधारणांत मताचा हक्क ठरवाल तेव्हा बायकांना वगळू नका. पाठोपाठ मताचा हक्क कुणाला द्यायचा हे ठरवणारी साउथबरो समिती आली. इथल्या समाजात हे अजून वेळेआधीचं आहे, पडद्यातल्या बायकांना ते जमायचं नाही, असं म्हणून तिनं नकार दिला. १९१९ मध्ये मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन थेट लंडनला गेल्या आणि संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली. शेवटी १९१९ च्या कायद्यानं बायकांना मत दिलं नाही, पण एक फट ठेवली. प्रांताच्या कायदेमंडळाला वाटलं तर त्यानं ठराव करून ही बंदी उठवावी. त्यामुळे लढाई लंडनहून मद्रासला आणि मुंबईला आली. मुंबई इलाख्यात रमाबाई पुढे झाल्या, आणि १९२१ मध्ये मद्रासपाठोपाठ मुंबईनंही बायकांचा हक्क मान्य केला.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्याच सुमारास पुण्यात त्यांची दुसरी लढाई चालू होती. पुणे नगरपालिकेला प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं होतं. पैसा अपुरा, म्हणून आधी मुलांना, मुलींचं नंतर बघू, असा विचार चालला होता. त्याविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, मोर्चा निघाला, आणि त्यात रमाबाई होत्या. शाळा आणि मत या त्यांच्या लेखी दोन वेगळ्या मागण्या नव्हत्याच. आपल्या जिल्ह्याचा इतिहास त्या नजरेनं पाहिला तर बरीच माणसं एका ओळीत येतात असं मला वाटतं. त्यासाठीच हा धागा. आपापल्या गावातलं जे पक्कं माहीत असेल ते लिहा.

आष्टेकरीण

फार दिवसांनी मनासारखा धागा आला! मग आमच्या आष्ट्याचं नाव घ्यायलाच हवं. काशीबाई कानिटकर, माहेरच्या बापट, जन्म आष्ट्याचा, १८६१. म्हणजे रमाबाईंच्या एकच वर्ष आधी, आणि आष्टा ते देवराष्ट्रे अंतर ते काय! दोघींनाही माहेरी शाळा नाही. दोघीही लग्नानंतर शिकल्या. काशीबाईंनी १८८९ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. एका मराठी बाईनं दुसऱ्या बाईचं चरित्र लिहायचं, हेच तेव्हा नवं होतं. पुढे कादंबऱ्या लिहिल्या.

त्या १९४८ पर्यंत जगल्या. स्वातंत्र्य पाहिलं, पण सगळ्या बायकांनी मत दिलेली निवडणूक पाहायला मिळाली नाही.

मिरजकर

धागा चांगला आहे, पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. १९२१ ला मत मिळालं ते कुणाला? ज्या बाईच्या स्वतःच्या नावावर जमीन किंवा मालमत्ता आहे आणि जी ठरावीक सारा किंवा कर भरते, तिला. आपल्या भागात तेव्हा किती बायकांच्या नावावर जमीन होती? कुळाच्या बाईला नाही, मजुराच्या बाईला नाही, महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या बाईला तर नाहीच. तिच्या नवऱ्यालाही नव्हतं. रमाबाईंबद्दल आदर आहे, पण ही चळवळ पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या घरांतली होती. ओळच लावायची असेल तर ती सावित्रीबाईंपासून लावा.

आणि मताबद्दलच बोलायचं तर साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९१९ ला साउथबरो समितीपुढे साक्ष दिली होती. पुढे सायमन कमिशनच्या वेळी त्यांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला, बाई आणि पुरुष दोघांना. मालमत्तेची अट नको, शिक्षणाची नको. आज आपल्या आया-बहिणी ज्या हक्कानं मत देतात तो हा आहे.

खंडाळा_घाट

मिरजकरांशी सहमत, म्हणून नायगावबद्दल लिहितो. आमच्या खंडाळा तालुक्यातलं गाव. खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाईंचा जन्म झाला. ते घर आता स्मारक म्हणून नीट राखलंय. ३ जानेवारीला तिथे राज्यभरातून लोक येतात, मुलींच्या शाळांच्या सहली येतात, आणि त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी जरूर जावं. जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गावही आपल्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण.

सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेलं पत्र नायगावचंच आहे. आजारी पडून माहेरी आल्या होत्या. तुम्ही नवरा-बायको महारामांगांसाठी जे करता त्यानं कुळाला बट्टा लागतो, असं भाऊ म्हणाला, आणि तिथंच त्यांनी भावाला उत्तर दिलं. पुण्याच्या गल्लीतलं शेण आणि दगड सगळ्यांना माहीत आहेत. माहेरच्या ओसरीवर, अंगात ताप असताना, सख्ख्या भावापुढे आपलं काम मांडणं मला त्याहून अवघड वाटतं. दगड मारणारा परका असतो.

त्यांच्या शाळेचं फळ बघायचं तर मुक्ता साळवेचा निबंध वाचा. चौदा-पंधरा वर्षांची मांग समाजातली मुलगी, १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते आणि धर्माला प्रश्न विचारते. बायकांचा राजकीय आवाज कुठे सुरू झाला असं कुणी विचारलं तर मी तिथं बोट ठेवीन.

कृष्णाकाठ

मिरजकर, तुमचा मुद्दा खराच आहे, त्यात मला कुठेही हातचं राखून बोलायचं नाही. १९२१ चं मत मूठभर बायकांचं होतं. पण दोन गोष्टी नोंदवते.

पहिली म्हणजे, बाई म्हणून असलेली बंदी आणि मालमत्तेची अट हे दोन वेगळे अडसर होते. मालमत्तेची अट काढली असती आणि बाई म्हणून बंदी तशीच राहिली असती, तर मजुराला मत मिळालं असतं, त्याच्या बायकोला नाही. जगात अनेक ठिकाणी हेच झालं. आपल्याकडे पहिला अडसर १९२१ मध्ये निघाला, म्हणून सर्वांना मत द्यायची वेळ आली तेव्हा बाईला द्यायचं की नाही हा वादच उरला नव्हता.

दुसरी गोष्ट घरातल्या विरोधाची, आणि इथे नायगावचं पत्र आणि रमाबाईंची आठवण मला शेजारी शेजारी दिसतात. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल हवं अशी खटपट चालली होती, ती पुढे १८८४ मध्ये हुजूरपागेच्या रूपानं उभी राहिली. त्या निमित्ताच्या सभेत गव्हर्नरसमोर रमाबाईंनी इंग्रजीत मानपत्र वाचलं. तेव्हा त्या जेमतेम विशीच्या होत्या. सभेत टाळ्या पडल्या. घरी आल्यावर मात्र माजघरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी असे बोल लावले की ते त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी पुस्तकात लिहून ठेवले. इंग्रजी वाचण्यापेक्षा चार पुरुषांत उभं राहून बोलणं हा मोठा गुन्हा होता. एका घरात भाऊ, दुसऱ्या घरात सासरच्या बायका. जात वेगळी, परिस्थिती वेगळी, रमाबाईंच्या पाठीशी न्यायमूर्ती होते हेही खरं. पण उंबऱ्याच्या आतली ही लढाई दोघींनाही एकटीनं लढावी लागली.

सावित्रीबाईंपासून ओळ लावावी हे मला शंभर टक्के मान्य. १८४८ ची भिडेवाड्यातली शाळा नसती तर पुढचं काहीच नसतं.

माण_खटाव

वाचतोय. कटगुणचा उल्लेख पाहून बरं वाटलं, आमच्याकडच्या नव्या पोरांनाही हे ठाऊक नसतं.

विट्याची

तुम्ही सगळे पुण्याला जाऊन मोठ्या झालेल्या बायकांबद्दल लिहिताय, मी इथंच राहून लढलेल्यांबद्दल लिहिते.

१९४२ नंतर आपल्याकडे प्रतिसरकार उभं राहिलं, म्हणजे इंग्रजांना न जुमानता गावांचा कारभार चालवणारं लोकांचं सरकार. क्रांतिसिंह नाना पाटलांची मुलगी हौसाताई. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यातली हत्यारं काढायची होती. ठाण्यासमोर नवरा-बायकोचं भांडण रंगवलं. 'नवरा' हौसाताईंना मारायला लागला, आणि ते खरं वाटावं म्हणून खराच मार दिला. पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्या वेळात साथीदारांनी आतल्या बंदुका उचलल्या. २०२१ मध्ये वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी हौसाताई गेल्या. शेवटपर्यंत शेतकऱ्यांच्या मागण्यांवर बोलायच्या.

दुसऱ्या इंदुताई पाटणकर. माहेर इंदोलीचं, कऱ्हाड तालुका. ऐन सोळा-सतराच्या वयात घर सोडून चळवळीत आल्या. राष्ट्र सेवा दलात बायकांना जमवलं, भूमिगतांची हत्यारं एका गावाहून दुसऱ्या गावाला पोचवली. १९४६ मध्ये बाबूजी पाटणकरांशी लग्न झालं. प्रतिसरकारच्या काळात आपल्याकडे गांधी विवाह व्हायचे. हुंडा नाही, मानपान नाही, कर्ज नाही. ज्यानं बायकोला टाकली त्याला गावच्या न्यायमंडळापुढे उभं करायचे. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये बाबूजींचा खून झाला. पदरी लहान मूल. इंदुताईंनी कासेगावात शिक्षिकेची नोकरी केली, चळवळ सोडली नाही. म्हातारपणी परित्यक्ता बायकांच्या लढ्यात त्या पुढे होत्या. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, मग टाकलेल्या बाईनं जायचं कुठं, हा प्रश्न घेऊन आपल्या सांगली जिल्ह्यात बायकांनी मोर्चे काढले.

माझी आई त्यातल्या एका मोर्चात होती. ती कधी भाषणाबद्दल बोलत नाही. ती सांगते ते एवढंच की त्या दिवशी तिनं पहिल्यांदा तहसील कचेरीत खुर्चीवर बसून स्वतःचं नाव सांगितलं, आणि कारकुनानं "कुणाची कोण?" असं विचारल्यावर शेजारच्या बाईनं उत्तर दिलं, "ती तिचीच."

खंडाळा_घाट

विट्याची, हे फार थेट लिहिलंत. आईला नमस्कार सांगा.

कोयना_काठ

"कुणाची कोण" यावरून. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. मतदार याद्या करायला माणसं घरोघर गेली तेव्हा लाखो बायकांनी नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सेन यांनी ठाम भूमिका घेतली : नाव नसेल तर यादीत घेणार नाही. अशा जवळजवळ २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली. यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या पट्ट्यातल्या. त्या निर्णयावर टीकाही झाली, कारण त्या वेळी त्यांचं मत बुडालं. पण पुढच्या निवडणुकीत बायकांनी आपली नावं लावली.

मधला टप्पाही सांगतो, कारण तो कुणी सांगत नाही. १९३५ च्या कायद्यानं मत वाढवलं, पण कसं? मतदार असलेल्या पुरुषाची पत्नी किंवा विधवा म्हणून, नाहीतर लिहिता-वाचता येतं म्हणून. देशभरात साठेक लाख बायकांना मत मिळालं. अखिल भारतीय महिला परिषदेनं पत्नी म्हणून मिळणाऱ्या मताला विरोध केला होता. आम्हाला नागरिक म्हणून हक्क द्या, नवऱ्याच्या जमिनीवरून देऊ नका, असं त्यांचं म्हणणं. तरी सरकारनं तेच केलं. ही परिषद १९२७ मध्ये पुण्यात भरली ती मुलींच्या शिक्षणाचा विचार करायला, आणि काही वर्षांतच मताच्या प्रश्नावर लढत होती.

कृष्णाकाठ

कोयना_काठ, मला जे म्हणायचं होतं ते तुमच्या प्रतिसादात नेमकं आलं. १९३५ च्या कायद्यात बाईला स्वतःच्या बळावर मत मिळवायचे दोनच रस्ते होते, मालमत्ता आणि अक्षर. जमीन नावावर नाही, ती कोण देणार? उरलं अक्षर. म्हणजे ज्या गावात मुलींची शाळा होती तिथली बाई नवऱ्याच्या सातबाऱ्याशिवाय मतदार होऊ शकत होती, आणि जिथे शाळा नव्हती तिथली नाही. सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये आणि रमाबाईंनी १९२० मध्ये ज्यासाठी हट्ट धरला, तो पुढे मतदार यादीत नाव लागायचा रस्ता झाला. पुण्याच्या नगरपालिकेत "मुलींचं नंतर बघू" म्हणणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

साताऱ्याची_सून

लक्ष्मीबाई पाटलांचं नाव अजून कुणी घेतलं नाही. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. ते चालवलं लक्ष्मीबाईंनी. घरचं वळण जैन, कडक सोवळ्या-ओवळ्याचं, आणि चुलीपुढे बसलेली सगळ्या समाजांची मुलं. स्वतःला बदलत बदलत त्या मुलांच्या आई झाल्या. अंगावरचे दागिने एकेक करून गेले, धान्य संपलं तेव्हा मंगळसूत्रही गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या.

मंगळसूत्राची गोष्ट प्रत्येक भाषणात येते. मला ती आता वेगळी सांगाविशी वाटते. त्या बोर्डिंगच्या व्यवस्थापक होत्या. पीठ किती, आजारी कोण, कुणाच्या गावाहून कुणी आलंय, हे सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांच्या कामाला पद नव्हतं, पगार नव्हता. त्याग म्हणून आपण हात जोडतो आणि काम मोजायचं राहून जातं.

मिरजकर

हा प्रतिसाद मनापासून पटला. रमाबाईंच्या बाबतीत कृष्णाकाठ यांनी वर तेच म्हटलंय, पत्नी म्हणून आठवायचं आणि काम विसरायचं. त्या मुद्द्यावर आपलं एकमत आहे.

मालमत्तेबद्दल मात्र मी माझं म्हणणं सोडत नाही, कारण ते आजही संपलेलं नाही. आपल्या गावात सातबारा उघडून बघा. बहिणींची हक्कसोडपत्रं बघा. मत सगळ्या बायकांना मिळालं, जमीन नाही. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि कित्येक ठिकाणी बैठकीला सरपंचबाईंच्या जागी त्यांचे पती बसतात.

विट्याची

पती बसतात हे खरं. पण सगळीकडे नाही. आमच्या शेजारच्या गावात पहिल्या वर्षी पती बसायचे. दुसऱ्या वर्षी बाईंनी इतिवृत्त स्वतः वाचायला घेतलं, कारण एका ठरावाखाली त्यांची सही होती आणि ठराव त्यांना माहीतच नव्हता. तिथपासून त्यांनी बैठकीत दुसऱ्या कुणाला खुर्ची दिली नाही. बाई दहावी शिकलेल्या. परत अक्षरच.

आष्टेकरीण

एक विचारते. देवराष्ट्र्यात रमाबाईंच्या नावानं काही आहे का? १९६२ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं होतं.

कृष्णाकाठ

गावात यशवंतरावांचं जन्मघर जपलेलं आहे, बाहेरून येणारे तिथे जातात. त्याच माणसांना रमाबाईंबद्दल दोन ओळी वाचायला मिळाव्यात एवढी माझी इच्छा आहे. जन्मसाल, सेवासदन, १९२१ चा मताचा लढा, बस. मी आमच्या शाळेतल्या मुलींकडून मजकूर लिहून घेतेय. एकीनं पहिल्या खर्ड्यात "न्या. रानडे यांच्या पत्नी" असं सुरुवातीला लिहिलं होतं. मी काही बोलले नाही, फक्त त्यांच्या कामांची यादी तिच्यापुढे ठेवली. दुसऱ्या खर्ड्यात ते वाक्य शेवटी गेलंय.

ग्रामसभेपुढे ठेवायला अर्ज तयार करतेय. कडेगाव तालुक्यातलं कुणी इथे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सह्या लागतील.

खंडाळा_घाट

कडेगावचा नाही, पण अर्जाचा मसुदा पाठवा. नायगावला येणाऱ्या सहलींना पुढे देवराष्ट्र्याला आणता येईल का ते इथल्या शिक्षकांशी बोलतो. पोरं एका दिवसात दोन्ही करू शकतात, कऱ्हाडवरून रस्ता चांगला आहे.

विट्याची

माझी सही धरा. आईची पण. ती स्वतः येऊन करणार म्हणतेय.